एक टक्का आमचाच आहे

"पूरा नाम?"

जयपूरच्या गोपालपुरा बायपासला खोली शोधत फिरलं की हा प्रश्न दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटाला येतोच. कोचिंग क्लासेसची वस्ती आहे ही. गल्लोगल्ली पीजीच्या पाट्या आणि दर दहा दुकानांमागे एक प्रॉपर्टी डीलर. माझ्या भाच्याने नाव सांगितलं. डीलर म्हणाला, "आगे क्या लगाते हो?" त्याने आडनाव सांगितलं. आपली मराठी आडनावं तिकडच्या माणसाला वाचता येत नाहीत. त्याने सरळ विचारलं, "महाराष्ट्र में ये कौन होते हैं?" पोराने न लाजता उत्तर दिलं. मग डीलरने मोबाइल कानाला लावला, दोन मिनिटं लावून ठेवला आणि म्हणाला, मकान मालिक का फोन नहीं लग रहा.

खोली रिकामीच होती. किल्ली त्याच्या टेबलावर पडलेली आम्हाला दिसत होती.

भाचा जयपूरला आला होता एका खासगी विद्यापीठात रिअल इस्टेट विषयातल्या एमबीएची चौकशी करायला. ज्या धंद्याचं शिक्षण घ्यायचं, त्याचा पहिला धडा त्याला प्रवेशाआधीच आणि फुकटात मिळाला.

दुसरा धडा विद्यापीठाच्या ऑफिसात मिळाला. तिथल्या समुपदेशक बाई फार गोड बोलल्या. स्कॉलरशिप आहे म्हणाल्या. पदवीला अमुक टक्के असतील तर फीत इतकी सूट, त्याहून जास्त असतील तर तितकी, आणि या आठवड्यात पैसे भरले तर आणखी थोडी. आपल्याकडे दिवाळीत कापड दुकानदारही हेच करतो, फक्त तो त्याला स्कॉलरशिप म्हणत नाही. मी विचारलं, भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती चालेल का? पोराच्या घरचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत आहे, जातीचा दाखला आहे, पडताळणी झालेली आहे. बाई म्हणाल्या, ही जागा मॅनेजमेंट कोट्यातली आहे सर. व्यवस्थापन कोट्याच्या जागेला ती शिष्यवृत्ती मिळत नाही, हे मलाही माहीत होतं. तरी विचारून पाहिलं.

आम्ही परत आलो. संभाजीनगरला बहिणीच्या घरी हा सगळा वृत्तांत सांगितला तर ती म्हणाली, "दादा, दलाली शिकायला दोन वर्षं आणि एवढा पैसा? त्यापेक्षा तलाठ्याची परीक्षा दे म्हणावं." मेहुणे काही बोलले नाहीत. ते बावीस वर्षं गवंडीकाम करतात. त्यांनी बांधलेल्या इमारतीत त्यांना कुणी दलालामार्फतसुद्धा खोली दिलेली नाही.

हा लेख बहिणीच्या त्या वाक्याला उत्तर म्हणून लिहितोय. ते वाक्य आपल्या बहुतेक घरांत बोललं जातं आणि ते बोलणारे आपल्या भल्यासाठीच बोलतात, म्हणून ते खोडून काढणं जास्त गरजेचं आहे.

आपल्या पहिल्या शिकलेल्या पिढीला तीन दारं माहीत होती: शिक्षक, बँक, सरकारी कचेरी. ती दारं आरक्षणाने उघडली आणि त्या नोकऱ्यांवर आपली घरं उभी राहिली. पण गेल्या तीस वर्षांत या देशात पैसा सगळ्यात वेगाने कशात वाढला? जमिनीत. ज्याच्या आजोबाकडे शहराच्या कडेला दहा एकर होते त्याचा नातू आज कॉलनायझर आहे, आणि ज्याचा आजोबा त्या दहा एकरांवर सालगडी होता त्याचा नातू आजही स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत बसलेला आहे. शेतीखालोखाल सगळ्यात जास्त रोजगार आमचं क्षेत्र देतं, असं बिल्डरांच्या संघटना अभिमानाने सांगतात. बरोबर आहे. फक्त त्या रोजगारातली घमेली कुणाच्या डोक्यावर आहेत आणि सही करायचं पेन कुणाच्या खिशात आहे, हे त्या सांगत नाहीत.

"हा धंदा आपला नाही" असं म्हणणाऱ्यांना एक आठवण द्यायला हवी. जोतीराव फुले बांधकामाचे कंत्राटदार होते. पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत ते भागीदार होते. येरवड्याचा पूल, कात्रजचा बोगदा, खडकवासल्याचं धरण या कामांशी त्यांच्या कंपनीचं नाव जोडलेलं आहे. 1876 ते 1882 ते पुणे नगरपालिकेचे सदस्य होते, म्हणजे शहराचा पैसा कुठल्या पेठेत जातो आणि कुठे जात नाही हे त्यांनी आत बसून पाहिलं. मुंबईत सत्यशोधक समाजाला बळ दिलं ते कामाठीपुऱ्यातल्या तेलुगू कंत्राटदारांनी. बांधकामाचा पैसा आणि जातिविरोधी चळवळ यांचं नातं आपल्याला नवं नाही. आपण ते विसरलो. आपल्या भाषणांत शाळा काढणारे जोतीराव येतात, बिलं काढणारे येत नाहीत.

जयपूर हे या चर्चेला योग्य शहर आहे, म्हणून तिथून सुरुवात केली. 1727 मध्ये सवाई जयसिंहाने वसवलेलं हे आखीव शहर. विद्याधर भट्टाचार्यांचा आराखडा, नऊ चौकड्या, सरळ रेषेतले बाजार. 2019 मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा ठरवलं. पर्यटक गुलाबी रंग पाहतात. पण आराखडा म्हणजे फक्त रस्त्यांची रुंदी नसते. कुठल्या पेशाच्या माणसाने कुठल्या मोहल्ल्यात राहायचं तेही तिथे आखलेलं होतं, आणि पेशा म्हणजे काय हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही. गावकुसाबाहेर ढकलण्याचं काम गावात परंपरा करते, शहरात ते नकाशा करतो. नकाशा काढणाऱ्याच्या खोलीत आपण नसू, तर तो आपल्यावर काढला जाणारच.

आणि ज्या न्यायालयात या शहराच्या जमिनींचे वाद जातात, त्या राजस्थान उच्च न्यायालयाच्या जयपूर खंडपीठाच्या आवारात 1989 पासून मनूचा पुतळा उभा आहे. बाबा आढावांनी महाडहून जयपूरपर्यंत मोर्चा नेला होता तो याच पुतळ्याविरुद्ध. 2018 च्या ऑक्टोबरात आपल्या औरंगाबादकडच्या दोन बाया तिथे गेल्या आणि पुतळ्याला काळं फासून आल्या. त्यांचं धाडस मोठंच. पण पुतळा ज्या जमिनीवर उभा आहे त्या जमिनीचा कायदा मनूच्या पोथीपेक्षा जास्त रोज चालतो, आणि तो आपल्यातल्या फार थोड्यांना वाचता येतो.

उदाहरण घ्या. राजस्थान काश्तकारी कायदा, 1955, कलम 42. अनुसूचित जातीच्या खातेदाराने आपली शेतजमीन अनुसूचित जातीबाहेरच्या माणसाला विकली, बक्षीस दिली किंवा मृत्युपत्राने दिली तरी तो व्यवहार रद्द. अनुसूचित जमातीसाठीही तसंच. संरक्षण म्हणून हे कलम चांगलं आहे आणि ते राहिलंच पाहिजे. पण आता जयपूरच्या कडेचं गाव डोळ्यांसमोर आणा. शहर सरकत येतं. शेतजमिनीचा वापर बदलायची तरतूद राजस्थान भू-राजस्व कायद्याच्या कलम 90-अ मध्ये आहे. तो आदेश झाला की शेतीची खातेदारी संपते, जमीन निवासी होते आणि भाव कित्येक पट होतो. म्हणजे खरी कमाई शेत विकण्यात नाही, वापर बदलून घेण्यात आहे. हे डीलरला माहीत असतं, पटवारीला माहीत असतं. बैरवा किंवा रैगर शेतकऱ्याला सांगितलं जातं की तुझी जमीन बाहेर विकताच येत नाही, म्हणून तिला भाव नाही. मग साध्या इकरारनाम्यावर शेताच्या भावात ती घेतली जाते, कागदावर एखाद्या दलित नोकराचं नाव लागतं, आणि पुढचं सगळं दुसऱ्याच्या घरात होतं. बेनामीची ही वाट राजस्थानात सर्रास सांगितली जाते. त्या शेतकऱ्याच्या घरात जमाबंदी वाचणारी, 90-अ चा अर्ज भरणारी, बाजारभाव काढून देणारी एक जरी पदवीधर मुलगी असती, तर?

आपल्याकडेही वेगळं काही नाही. महार वतनाच्या जमिनी. बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात वतनाविरुद्ध विधेयक आणलं. पुढे 1958 च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतनं संपली, जमिनी नव्या शर्तीवर परत मिळाल्या. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय आणि नजराणा भरल्याशिवाय त्या विकता येत नाहीत. आज त्यातल्या कितीतरी पुण्या-मुंबईच्या अगदी मोक्याच्या जागी आहेत. 2025 च्या नोव्हेंबरात पुण्यातल्या मुंढव्याच्या महार वतनाच्या सुमारे चाळीस एकरांचा व्यवहार राज्यभर गाजला, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. टीव्हीवर दिवसभर कोण नेता अडचणीत येणार याची चर्चा होती. वतनदारांची नातवंडं काय म्हणतात हे विचारायला कॅमेरे कमीच गेले. आणि आपण काय केलं? व्हॉट्सॲपवर निषेध फिरवला. सातबाऱ्याच्या इतर हक्कांच्या रकान्यात काय लिहिलंय, फेरफार कधी झाला, परवानगी कुणी दिली, हे काढून दाखवू शकणारी आपली किती पोरं होती?

म्हणून म्हणतो, रिअल इस्टेटचं शिक्षण म्हणजे दलाली नव्हे. यात जमिनीचा कायदा आहे, नगररचना आहे, मूल्यांकन आहे, वित्त आहे. बँक कर्ज देताना जमिनीची किंमत ठरवणारा नोंदणीकृत मूल्यांकनकार लागतो. त्याला स्थापत्य, वास्तुकला किंवा नगररचनेसारखी पदवी, काही वर्षांचा अनुभव, पन्नास तासांचं प्रशिक्षण आणि परीक्षा लागते. जयपूरच्या एमएनआयटीत नगररचना शिकवतात, आणि ती सरकारी संस्था आहे, तिथे आरक्षण आहे. भाच्याला मी आधी तिकडे पाठवायला हवं होतं, पण तो बी.कॉम. आहे, ते दार त्याला बंद. आणि समजा दलालीच असली, तरी 2016 च्या रेरा कायद्याने एजंटची नोंदणी सक्तीची केली आहे. महाराष्ट्रात तर 1 जानेवारी 2024 पासून प्रशिक्षण आणि परीक्षेचं प्रमाणपत्र नसेल तर एजंटला काम करता येत नाही. म्हणजे जो धंदा आजवर मेव्हण्या-पाहुण्यांत वाटला जात होता, त्याला पहिल्यांदाच परीक्षेचं दार लागलं. परीक्षा म्हटलं की आपली पोरं जिंकतात. पण या वीस तासांच्या प्रशिक्षणाला मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळत नाही. पदवीच्या चौकटीत न बसणारं शिक्षण सरकारला शिक्षण वाटत नाही, आणि खासगी पदवीची फी आपल्याला परवडत नाही. मधल्या फटीत आपली पोरं अडकली आहेत.

एजंट कोण आहे याने फरक पडतो का? अमेरिकेतल्या काळ्या माणसांनी याचं उत्तर आपल्या आधी शोधलं. तिथल्या गोऱ्या दलालांच्या राष्ट्रीय संघटनेने 1924 च्या आपल्या आचारसंहितेत लिहूनच ठेवलं होतं की ज्या वंशाच्या माणसांमुळे वस्तीतल्या घरांचे भाव पडतील त्यांना तिथे आणू नये. भेदभाव हीच त्यांची व्यावसायिक नीती. या संघटनेत काळ्यांना जागा नव्हती. मग 1947 मध्ये काळ्या दलालांनी स्वतःची राष्ट्रीय संघटना काढली आणि घरांच्या बाजारात लोकशाही हे तिचं ब्रीद ठरवलं. 1968 मध्ये डॉ. किंग यांच्या खुनानंतर आठवड्याभरात घरांतल्या भेदभावाविरुद्ध कायदा झाला, त्यामागच्या दीर्घ लढ्यात ही माणसं होती. गोऱ्यांच्या संघटनेला जाहीर माफी मागायला 2020 साल उजाडलं.

आपल्याकडे? रेराकडे प्रकल्प नोंदवताना बिल्डर जे प्रतिज्ञापत्र देतो त्यात वाटप करताना कुणाशीही भेदभाव करणार नाही असं वाक्य असतं. चांगलं वाक्य आहे. भाड्याच्या खोलीला मात्र रेरा लागू नाही. 2015 मध्ये सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरातल्या भाड्याच्या घरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सवर्ण नाव सांगणाऱ्याला घर मिळत गेलं, दलित नाव सांगणाऱ्याला नकार किंवा जाचक अटी आल्या, मुस्लिम नावाला त्याहून जास्त नकार. त्याच्या दहा वर्षं आधी, 2005 मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात एकाच समाजाला सभासदत्व देण्याची उपविधी वैध ठरवली होती. राजस्थान सरकार जिल्ह्याच्या ठिकाणी भाड्याने राहून शिकणाऱ्या मागास मुलांना आंबेडकर डीबीटी व्हाउचर योजनेतून महिन्याला 2,000 रुपये देतं. महाराष्ट्राच्या स्वाधार योजनेतून मोठ्या शहरांत वर्षाला 60,000 पर्यंत मिळतात. पैसे खात्यात येतात. खोली कोण देणार?

हा प्रश्न 1917 चा आहे. बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियात शिकून बाबासाहेब करारानुसार नोकरीसाठी बडोद्याला आले. हॉटेलं बंद, हिंदू घरं बंद. पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहावं लागलं, रोजचा दीड रुपया भरून. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली दहा-बारा माणसं दारात आली. नंतर ते बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. शिष्यवृत्तीने त्यांना न्यूयॉर्कला नेलं, बडोद्यात एक खोली देऊ शकली नाही. शंभर वर्षांनी आम्ही गोपालपुऱ्यात उभे होतो, आणि डीलरच्या टेबलावर किल्ली होती.

ती किल्ली आपल्या माणसाच्या टेबलावर हवी, एवढी साधी मागणी आहे. मग पैसा कुठून आणायचा?

इथे काही जण सुचवतात की बिल्डरांच्या संघटनांना भेटा, सीएसआरमधून शिष्यवृत्त्या मागा. मागा, मिळतीलही. पंचवीस पोरांना धनादेश, मागे फ्लेक्स, पुढे फोटो, आणि त्या पोरांनी आयुष्यभर त्या फोटोला आभार मानायचे. मला ते नको आहे. कारण बिल्डरांकडून पैसा आधीच घेतला जातो, कायद्याने, आणि तो आपल्याच नावावर आहे.

1996 च्या कायद्याने प्रत्येक बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर बसवला. तो बांधकाम कामगार कल्याण मंडळात जमा होतो. आता सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद आहे. या पैशाचं काय झालं? मार्च 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकालात नोंदवलं की देशभरात 37,400 कोटींहून जास्त रक्कम जमा झाली आणि खर्च झाली सुमारे 9,500 कोटी. बाकी पडून. घमेलं उचलणाऱ्यांच्या नावावर अठ्ठावीस हजार कोटी पडून होते, आणि तेव्हाही त्यांची पोरं फीसाठी बचत गटाचं कर्ज काढत होती.

महाराष्ट्राचं मंडळ कामगाराच्या पहिल्या दोन मुलांना शिष्यवृत्ती देतं: पदवीला वर्षाला 20,000, अभियांत्रिकीला 60,000, वैद्यकीयला 1 लाख. भाच्याला बी.कॉम.च्या वेळी त्यातले 20,000 मिळाले, ते मिळवायला मेहुण्यांनी नव्वद दिवसांच्या कामाच्या दाखल्यासाठी ठेकेदाराच्या किती चकरा मारल्या ते वेगळं सांगायला नको. शिवाय घरी मंडळाचा भांड्यांचा संच आला. कुकर, ताटं, डबे. बहिणीने तो जपून वापरला आहे, मी त्या भांड्यांना नावं ठेवणार नाही. पण विचार करा: डॉक्टर होशील तर 1 लाख, इंजिनिअर होशील तर 60,000. आणि ज्या धंद्याच्या एक टक्क्यातून हा सगळा पैसा आला, त्याच धंद्यात मालकाच्या बाजूला जाऊन बसायचं शिक्षण घेशील तर? त्यासाठी योजनेत वेगळी ओळच नाही. नगररचना, मूल्यांकन, जमीन कायदा, रेरा एजंटचं प्रशिक्षण, रिअल इस्टेटमधलं एमबीए, या सगळ्याची पूर्ण फी, राहण्याच्या खर्चासह, या निधीतून मिळाली पाहिजे. खासगी संस्थेत मिळाली पाहिजे आणि व्यवस्थापन कोटा आहे म्हणून नाकारली जाता कामा नये. हीच मागणी राजस्थानच्या मंडळाकडेही करायची आहे. तिथलीही श्रमिक नोंदणी आहे, तिथलाही एक टक्का आहे.

डावे मित्र म्हणतील, चार दलित बिल्डर झाले म्हणून जात मरणार आहे का? नाही मरणार. दलित कलेक्टर झाल्यानेही मेली नाही, पण कुणी आपल्याला यूपीएससी सोडा म्हणालं नाही. जमिनीच्या व्यवहारात बसलेला प्रत्येक दलित आपल्या माणसाशी इमानाने वागेल अशी हमीही मी देणार नाही. आपल्यातलेही बेनामी कागदावर सह्या करून देतात, चार पैशांसाठी. पण आज त्या टेबलावर आपला चांगला माणूसही नाही आणि वाईटही नाही. आहे तो फक्त सही करणारा नोकर.

अंमलबजावणीचं काम मात्र लगेच सुरू करता येतं आणि त्याला नेत्याची वाट पाहायची गरज नाही. आपल्या जिल्ह्यातल्या मंडळाच्या कार्यालयात माहिती अधिकारात अर्ज टाका. गेल्या पाच वर्षांत जिल्ह्यातून उपकर किती जमा झाला, शिष्यवृत्तीवर किती गेला, भांड्यांवर किती गेला. किती अर्ज नाकारले आणि कुठल्या कारणाने. भाच्याने आपला अर्ज मागच्या सोमवारी टाकला. त्याला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तोही लागत नाही.